पाहुण्याचा चमचा

काल सकाळी खिडकीच्या काचेवर टकटक झाली. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला त्याचं काही विशेष वाटत नाही. पोस्टमन करतो, वरच्या मजल्यावरची पोरं चेंडू मागायला करतात. बाहेर झेनोन उभा होता, हीटिंगचा पाइप दुरुस्त करायला आलेला, पन्नाशीचा, मिशीवर बर्फ साचलेला. तीन दिवस आमची इमारत गारठून पडली होती आणि त्यानं नेमका माझ्या खिडकीखालीच कमरेइतका खड्डा खणला होता, त्यामुळे आमची एव्हाना चांगली ओळख झाली होती. त्याच्या चिखलानं भरलेल्या हातमोज्यात एक चमचा होता. "बाई, तुमचा पडला होता का कधी खाली? की फेकून देऊ?" मी म्हटलं, "माझा नाही." हे इतक्या चटकन तोंडातून गेलं की माझी मीच दचकले. आवाज ओळखीचा होता, पण पंचाहत्तर वर्षांच्या बाईचा नव्हता, आठ वर्षांच्या पोरीचा होता. झेनोननं खांदे उडवले आणि चमचा मातीच्या ढिगावर टाकायला हात मागे नेला. तेव्हा मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि म्हटलं, "थांबा. द्या इकडे."

स्वयंपाकघरात नळाला गरम पाणी नव्हतं. बर्फासारख्या पाण्याखाली दातांच्या जुन्या ब्रशनं मी तो घासत बसले. बोटं बधिर झाली. काय निघणार ते मला घासायच्या आधीच माहीत होतं, तरी घासत होते, कारण घासणं चालू होतं तोवर बघावं लागत नव्हतं. आधी देठ निघाला, मग एक पान, डावीकडे वळलेलं, मग द्राक्षाचा घड. मी ओट्याचा सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडला आणि फडक्यात गुंडाळलेला दुसरा चमचा काढून शेजारी ठेवला. तोच घड, तेच पान. इतपत माझी तयारी होती. असे चमचे काय, युद्धाआधी दर दुसऱ्या घरात असतील, कारखान्यानं एकच साचा हजारदा वापरलेला असणार, असं मी आयुष्यभर स्वतःला सांगत आले आहे. मग मी दोन्ही चमचे पालथे केले. माझ्या चमच्याच्या मागे, दांडी जिथं रुंद होते तिथं, तीन बारीक खळगे आहेत. जमिनीत राहून धातू खाल्ला जातो, तसे पडले असतील, असं मी ठरवून टाकलं होतं. नव्या चमच्यालाही त्याच जागी तीन होते, सारख्याच अंतरावर. माती दोनदा असं मोजूनमापून खात नाही. मी स्टुलावर बसले.

आमची वसाहत ढिगाऱ्यावर बांधलेली आहे. वॉर्सामध्ये हे सांगायची गरज पडत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेलं कुणी बोलत नाही. युद्धात ज्यूंची अख्खी वस्ती इथं पाडून टाकली होती, तिच्या विटांचे डोंगर उपसून कुठं टाकणार, म्हणून ते दाबून सपाट केले आणि त्यांच्यावरच इमारती उभ्या केल्या. म्हणून आमच्या इमारती रस्त्यापेक्षा उंच, आणि तळमजल्यावर यायलाही दहा-बारा पायऱ्या चढाव्या लागतात. लहानपणी आम्हाला त्या पायऱ्यांचा भारी अभिमान वाटायचा. आमच्या आधी तिथं काय होतं हे आम्ही विचारलं नाही असं नाही. मी बाबांना विचारलं होतं, "बाबा, खाली काय आहे?" बाबा म्हणाले, "विटा." "आणि विटांच्या खाली?" "आणखी विटा. जेव आता." बाबा, म्हणजे स्तेफान, गवंडी होते. जुन्या विटा भरडून त्यांच्या नव्या विटा करायच्या आणि त्या रचायच्या, हेच काम त्यांनी चार वर्षं याच वसाहतीत केलं. नव्या विटांच्या पोटात कधी चिनीमातीचा निळा तुकडा दिसायचा, कधी बटण. आमच्या बैठकीच्या भिंतीत दिव्याच्या बटणाजवळ असाच एक निळा तुकडा होता आणि मला तो आवडायचा. एका रविवारी बाबांनी कुणी न सांगता पूर्ण भिंतीला गिलावा केला.

आम्ही पोरं मात्र मोठ्या माणसांच्या डोळ्यांआड उकरत राहायचो. इमारतीच्या उतारावर अजून गवत धरलं नव्हतं, पाऊस पडला की माती खाली वाहायची आणि काहीबाही वर यायचं. दाराची मूठ, बाहुलीचा हात, पलंगाचा लोखंडी पाय. पोरं मला "चिचुंद्री लुत्सिना" म्हणून चिडवायची, कारण माझी नखं सदा काळी. चमचा मला आमच्याच खिडकीखाली सापडला. मी तो झग्यात लपवून आणला. आई ओरडणार याची खात्री होती, पण तिनं तो हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, "चांगल्या धातूचा आहे." तिच्याकडे चारच चमचे होते आणि नाताळच्या पूर्वसंध्येला ताटल्या लागत पाच. आई, बाबा, मी, धाकटा हेन्रिक, आणि पाचवी रिकामी, अवचित येणाऱ्या पाहुण्याची. त्या वर्षीपासून माझा चमचा त्या रिकाम्या ताटलीशेजारी गेला. मला त्याचा कोण अभिमान. कारण वर्षभर मी तोच वापरायची, आणि त्या एका संध्याकाळी तो पाहुण्याला उसना द्यायची.

आईबद्दल वाईट सांगायला माझी जीभ वळत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. युद्धानंतर ती तीन वर्षं लाकडी खोपटात राहिली, एका खोलीत दोन कुटुंबं, मध्ये चादर टांगलेली. या घराची किल्ली मिळाली तेव्हा ती आधी न्हाणीघरात गेली, कोरड्या टबात बसली आणि रडली. बाबांनी ही गोष्ट मला हसत हसत पुष्कळदा सांगितली. घराचा कागद तिनं साखरेच्या डब्यात ठेवला होता आणि अधूनमधून झाकण उघडून तो आहे ना हे बघायची. कुणी अनोळखी दारात आलं की ती आधी त्या डब्याकडे बघायची. मी ते पाहिलेलं आहे.

सत्तावन्न सालची नाताळची पूर्वसंध्या. टबात दोन दिवसांपासून सणाच्या जेवणाचा कार्प मासा पोहत होता, त्यामुळे कुणाची आंघोळ नव्हती. मी त्याचं नाव मंत्री ठेवलं होतं आणि सकाळी बाबांनी मंत्र्याला मारलं म्हणून मी दुपारभर फुगून बसले होते. आई म्हणाली, "रुसलीस तर रूस, पण खिडकीत बसून रूस, पहिली चांदणी दिसली की सांग." चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नसतं. टेबलाच्या चादरीखाली रिवाजाचं गवत पसरलं होतं, बीटच्या सुपाचा वास सुटला होता आणि मी काचेला नाक लावून बसले होते. आभाळ ढगाळ. चांदणी काही दिसेना. दिसला तो एक माणूस. चर्चच्या बाजूनं येत होता. त्या सगळ्या मुलखात ते चर्च तेवढं युद्धातून उभं राहिलं होतं. अंगात कापूस भरलेला जाड कोट, डोक्यावर कान झाकणारी टोपी, आणि चालत होता अगदी बारीक बारीक पावलं टाकत, टाचेला अंगठा लावावा तसा. ओठ हलत होते. मला हसू फुटलं. "आई, बघ तरी, एक माणूस बाळासारखा चालतोय." आई म्हणाली, "प्यायला असेल. चांदणी बघ तू." माणूस रस्ता सोडून उतार चढला, आमच्या खिडकीखाली भिंतीशी येऊन थांबला, वर बघितलं, मग वळून आमच्या पायऱ्या चढला. त्या मात्र त्यानं मोजल्या नाहीत.

दार मीच उघडलं. आई हात पुसत मागून आली. तो टोपी काढून म्हणाला, "माफ करा, सणाच्या दिवशी त्रास देतोय. माझं नाव फ्रीडलांड. गेल्या आठवड्यात गाडीनं आलो, रशियातून. आम्ही इथं राहत होतो." आई म्हणाली, "इथं कुणी राहत नव्हतं. ही घरं नवीन आहेत." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी ते खरंच होतं. तो म्हणाला, "हो, दिसतंय. नवीच आहेत. मी फक्त चर्चपासून मोजत आलो. लहानपणी मी रोज मोजायचो, चर्चच्या फाटकापासून आमच्या दरवाजापर्यंत एकशे अठ्ठेचाळीस. तेव्हा माझी पावलं लहान होती, म्हणून आताही तशीच टाकली." आणि स्वतःच ओशाळून हसला. मी आईच्या कमरेमागून बघत होते. मला तो म्हातारा वाटला. आता हिशेब करते तर तिशीचा असेल जेमतेम. त्याची नजर आईच्या खांद्यावरून आत गेली, चादर, मेणबत्ती, मांडलेल्या ताटल्या. आम्ही चौघं होतो, ताटल्या पाच. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "कुणी यायचं आहे का तुमच्याकडे?" आई म्हणाली, "नाही. पद्धत आहे तशी."

बाबा टेबलाशी उभे होते, हातात पावाची सुरी. आईची नजर साखरेच्या डब्याकडे गेली आणि परत आली. मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "चुकला असाल तुम्ही. अंधारात होतं असं. लुत्सिना, जा, त्यांना जिन्यातला दिवा लावून दे. त्याचं बटण हट्टी आहे." मी गेले. दिवा लावला. तो बाहेरच्या दाराशी माझ्यापुढं उकिडवा बसला, त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. त्याच्या पापण्यांवरचा बर्फ वितळत होता. "बाळ, तुम्ही मुलं इथं मातीत खेळत असाल ना? काही सापडतं का कधी?" मी काळी नखं मुठीत लपवली. "आमच्याकडे चमचे होते. सहा. दांडीवर द्राक्षाचा घड. माझी आई आमच्या धर्माच्या नियमानं दुधाचे चमचे आणि मांसाचे चमचे वेगळे ठेवायची, मिसळले तर रागवायची. म्हणून दुधाच्या चमच्यांना मागे तिनं खिळ्यानं तीन टोचे मारले होते. त्यातला एखादा सापडला का कुणाला? एक जरी."

माझा चमचा तेव्हा आत पाहुण्याच्या ताटलीशेजारी होता, त्याच्यापासून पंधरा पावलांवर. मोठी पावलं धरली तर आठ. मला सगळं समजलं. लोक म्हणतात मुलांना समजत नाही, कसलं काय, मुलांना पहिल्यांदा समजतं. माझ्या मनात एकच विचार आला, की हा माझा चमचा घेऊन जाईल. आणि मी म्हटलं, "नाही." वर आणखी म्हटलं, "इथं काहीच सापडत नाही. नुसत्या विटा." त्यानं मान डोलावली, जणू मी त्याला काहीतरी दिलं. म्हणाला, "असू दे. तुला सणाच्या शुभेच्छा." मग उठून पायऱ्या उतरून गेला, आणि जाताना मात्र मोठ्या माणसासारखा चालत गेला.

मी आत आले तेव्हा बाबा कोट घालत होते. आई म्हणाली, "आता कुठं?" बाबा बाहेर पडले. सूप दोनदा गरम करावं लागलं. ते परत आले तेव्हा खांद्यांवर बर्फ होता. "चर्चपर्यंत गेलो. ट्रामच्या थांब्यावरही बघितलं. गेला." ते बसले, रिकाम्या ताटलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उचल ती." आई म्हणाली, "आज उचलत नाहीत, स्तेफान." बाबांनी त्या दिवशी मंत्र्याला हात लावला नाही. मी झोपायला जाताना आईला विचारलं, "आई, तो पाहुणाच होता ना?" आई माझं पांघरूण सारखं करत होती. तिचे हात थांबले. "पाहुणा म्हणजे ओळखीचा," ती म्हणाली. मला वाटलं, चमच्याचं तिला सांगावं. पण मग तो कपाटातून जाईल, बाबा तो घेऊन पुन्हा बर्फात निघतील, सगळ्या शहरात त्याला शोधतील. तेच व्हायला हवं होतं. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं.

पुढं काय, पुढं आयुष्य. शाळा, लग्न, ते मोडणं, आईबाबांना एकामागून एक पोचवणं, आणि या घरात परत येऊन राहणं. हेन्रिक परदेशी गेला, फोन करतो, आवाज म्हाताऱ्याचा येतो. नोकरी मी शहराच्या नकाशा कचेरीत केली, एकतीस वर्षं. हे ऐकून तुम्हाला हसू येईल तर हसा. वॉर्साचा प्रत्येक नळ, प्रत्येक गटार, प्रत्येक झाड मी शाईनं काढलेलं आहे. युद्धाआधीचे नकाशे तिसऱ्या कपाटात होते, माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर. गल्ली गल्ली, घर घर, प्रत्येक दरवाजाला आकडा. आमच्या वसाहतीखालचा तुकडा कोणत्या कप्प्यात आहे हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मी तो कधी उघडला नाही. कुणाला हवा असला तर मी सहकाऱ्याला म्हणायची, "तू काढ, माझी पाठ धरलीय." एकतीस वर्षं माझी पाठ त्या एका कप्प्यापाशीच धरायची. कारण तिथं बघितलं नाही तोवर तो माणूस चुकलेला असू शकत होता. ढिगारे इकडून तिकडे ओढले होते, चमचा कुठल्याही गाडीतून आला असेल, अंधार होता, मोजताना पावलं हुकली असतील. चुकला असाल तुम्ही, असं आई म्हणाली होती ना. मी त्या एका वाक्यावर सदुसष्ट वर्षं काढली. एक जमेची बाजू मात्र होती, की दर नाताळला मी रिकामी ताटली मांडत आले आणि तिच्याशेजारी तो चमचा. त्याला मी परतफेड म्हणायची. कसली परतफेड, लपवलेली वस्तू वर्षातून एकदा बाहेर काढून बघणं, दुसरं काय.

काल रात्री झोप लागली नाही. थंडीनं, असं मी स्वतःला सांगितलं, पण आता माझ्या सांगण्यावर माझाच विश्वास उरला नाही. आज नाताळची पूर्वसंध्या. दुपारी, उजेड असताना, मी कोट घातला आणि चर्चपाशी गेले. आत लोकांची गर्दी होती, गाण्याचा सराव चालला होता. मी आत गेले नाही. फाटकाला पाठ लावून उभी राहिले आणि चालायला लागले. सुरुवातीला लाज वाटली, रस्त्यावर ओळखीचे लोक. पण मग लक्षात आलं की मला लहान पावलं टाकायचं नाटक करावंच लागत नाहीये. गुडघे गेलेत, बर्फ निसरडा आहे, मी आता चालतेच आठ वर्षांच्या पोराएवढी. साठापर्यंत मी बेकरीच्या कोपऱ्याला आले. शंभराला औषधाच्या दुकानाशी. एकशे वीसला आमच्या पायऱ्यांचा उतार सुरू झाला, तो मी पायऱ्या सोडून बाजूनं, गवतातून, चमचा सापडला होता त्या वाटेनं चढले. छाती धपापत होती आणि मी मनात म्हणत होते, हुकू दे, दहा पावलांनी हुकू दे, पाचांनी तरी. एकशे सेहेचाळिसाव्या पावलाला झेनोनच्या खड्ड्याची कड लागली. पुढची दोन पावलं टाकायला जमीन नव्हती, टाकली असती तर मी माझ्याच भिंतीत गेले असते. त्या कडेवर उभी राहून मी रडले. आईसाठी नाही, बाबांसाठी नाही. तो चुकला नव्हता. एवढ्या लांबून आला, सगळं शहर बदललेलं असताना आला आणि पावलाचाही फरक न करता बरोबर आला. आणि मी त्याला सांगितलं, नुसत्या विटा.

घरी येऊन मी टेबल मांडलं. चादरीखाली गवत, फुलवाल्या बाईकडून आणलेलं मूठभर. माझी ताटली एक. समोर पाहुण्याची. तिच्याशेजारी दोन्ही चमचे ठेवले, पालथे, टोचे वर. चांदणीसाठी खिडकीत बसायचं माझं वय राहिलं नाही, पण बसले. रेडिएटरमध्ये गुडगुड झाली, मग तो हळूहळू कोमट झाला, आणि दारावर टकटक झाली. झेनोन होता, टोपी हातात. "आली का उष्णता? बाकीच्या घरांत आली, म्हटलं तुमच्याकडे बघून जावं. खड्डा सणानंतर बुजवतो, तोवर खिडकीतून उडी मारू नका." मी म्हटलं, "मारणार होते, तुम्ही आडवे आलात." तो हसला, आत येऊन रेडिएटरवर हात ठेवला, मग हात धुवायला बेसिनकडे गेला. परत येताना त्यानं टेबल बघितलं. "अरे, हा तर कालचा. चमकवलात की. आणि हा जोडीचा कुठून आला?" मी म्हटलं, "माझ्याकडेच होता. चोरीचा." ते त्याला थट्टेचं वाटलं, तो मिशीत हसला. मग त्यानं दुसऱ्या ताटलीकडे बघितलं आणि घड्याळाकडे, घरी त्याची वाट बघत असणार.

"कुणी यायचं आहे का तुमच्याकडे?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "येऊन गेला."